एकशे सत्तेचाळीस आत

मंगळवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी सुदाम शेजवळ कॉलेजच्या फाटकातून आत शिरला, सायकल लावली, खिशातून एकशे सत्तेचाळीस नंबरचा आपला पितळी बिल्ला काढून फळ्याकडे गेला, तर एकशे सत्तेचाळीसच्या खिळ्यावर बिल्ला आधीच होता. नुसता होता असंही नाही, किंचित हलत होता, कुणीतरी आत्ताच अडकवून बोट काढून घेतल्यासारखा. सुदामने हातातला बिल्ला पाहिला, खिळ्यावरचा पाहिला, पुन्हा हातातला पाहिला. तेच आकडे, तीच गोलाई, साताच्या शेपटीपाशी तोच बारीक चरा. मागे रसायनशास्त्राचे सर उभे होते, ते म्हणाले, "शेजवळ, बिल्ला लावताय की दर्शन घेताय?" सुदाम बाजूला झाला. हातातला बिल्ला त्याने परत खिशात टाकला आणि असल्या वेळी नोकरदार माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे कामाला लागायला गेला. ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसला. खुर्ची गरम होती.

बिल्ल्यांची पद्धत सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि ती सुरू करणारा, तसं पाहिलं तर, सुदामच होता. कल्पना दौलतरावांची. दौलतराव संस्थेचे सेक्रेटरी. आणि संस्था म्हणजे उल्हासनगर कॅम्प पाचच्या कडेला बालवाडीपासून बी.एड.पर्यंत पसरलेलं, तीनशे बारा माणसं कामाला असलेलं संकुल. एक्याण्णवच्या डिसेंबरात दौलतराव अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाहुणे म्हणून गेले, तिथे गेटवर बिल्ल्यांचा फळा पाहिला आणि परत आले ते जवळजवळ प्रेमात पडून. "शेजवळ," ते म्हणाले, "काय ती शिस्त. माणूस बघायची गरजच नाही. फळा बघायचा." नवी नियमावली लिहायचं काम सुदामकडे आलं, कारण आस्थापना विभागाचा हेडक्लार्क तो, आणि अक्षरही त्याचंच चांगलं. त्याने चौदा कलमं लिहिली. ज्याचा बिल्ला फळ्यावर तो आत, हे कलम चार. ज्याचा बिल्ला फळ्यावर नाही तो बाहेर, मग तो कुठेही दिसो, हे कलम पाच. 'मग तो कुठेही दिसो' हे दौलतरावांनी सांगितलं नव्हतं, ते सुदामने पदरचं घातलं होतं आणि घातल्यावर स्वतःवर इतका खूश झाला होता की कँटीनमध्ये जाऊन एकटाच बटाटेवडा खाऊन आला होता. शिवाय कलम नऊ: बिल्ला ज्याचा त्यानेच लावावा व काढावा, दुसऱ्याने हात लावल्यास गैरवर्तन समजले जाईल. प्राध्यापकांनी आठवडाभर कुरकुर केली, आम्ही काय मिलकामगार आहोत का म्हणाले. मराठीच्या बाईंनी आपल्या बिल्ल्याला रेशमी गोंडा लावला. मग सगळे सरावले, आणि सकाळी फळ्यापुढे रांगेत उभं राहून एकमेकांना नंबराने हाका मारू लागले.

फक्त घरी सुदामने यातलं काही सांगितलं नव्हतं. बायकोला, बकुळाला सांगितलं असतं तर तिने खरवईला आबांना सांगितलं असतं, आणि आबांना बिल्ला हा शब्दही चालत नव्हता. आबा म्हणजे सुदामचे वडील. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि सत्तावन्न साली अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात लागले, तिथे निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं त्यांनी सकाळी बिल्ला लावला आणि संध्याकाळी काढला. बिल्ला गळ्यात नसायचा, पण आबा घरी जेवायला बसले की मान अशी वाकवायचे की सुदामला तो दिसायचा. त्यांच्या शेजारी काम करणारा सोमा नावाचा माणूस होता. सुदाम सात वर्षांचा असताना सोमा एका दुपारी टाकीत पडून गेला. त्याला मागच्या गेटने नेलं. बिल्ला मात्र पुढच्या गेटवर लटकत राहिला, कारण तिथेही नियम तोच होता, ज्याचा त्याने काढायचा, आणि वरून हुकूम येईपर्यंत टाइमकीपर हात लावायला तयार नव्हता. अकरा दिवस. हजेरीबुकात सोमा अकरा दिवस तिन्ही पाळ्या सलग कामावर होता. आबा संध्याकाळी येऊन सांगायचे, "सोमा अजून आतच हाय." छोट्या सुदामने विचारलं होतं, "आत काय करतो?" आबांनी थोडा विचार केला आणि, थट्टेचा माणूस नव्हता तो, खरंच विचार करून सांगितलं, "काम." त्यानंतर कधीतरी त्यांनी ठरवून टाकलं की आपला पोरगा बिल्ला लावणार नाही. तो खुर्चीवर बसंल, आणि तीही साधी नाही, हात असलेल्या खुर्चीवर. सुदाम कॉलेजात क्लार्क म्हणून लागला त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती आणि या एकोणीस वर्षांत आबा एकदाही त्याचं ऑफिस बघायला आले नव्हते. "खुर्चीला हात फुटले की बोलव," म्हणायचे. गेल्या जूनमध्ये सुदाम हेडक्लार्क झाला, खुर्चीला हात फुटले. दिवाळीनंतर आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते इतकं चांगलं झालं की म्हातारा आता स्वतः सुईत दोरा ओवू लागला. आणि संक्रांतीला बकुळा तिळगूळ द्यायला खरवईला गेली तेव्हा निरोप घेऊन आली: येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी आबा येणार. पोराला खुर्चीवर बसलेला बघणार. "नवा चष्मा घालून येणार म्हणे," बकुळा म्हणाली, "आणि तुम्हाला सांगू, वहाणांना पॉलिश करून घेतलंय त्यांनी."

म्हणून गरम खुर्चीवर बसल्या बसल्या सुदामच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की गुरुवारच्या पुढच्या गुरुवारला नऊ दिवस आहेत. दुसरी गोष्ट आली ती दुसऱ्या संचाची. हे बिल्ले कॅम्प दोनमधल्या टेकचंदने बनवले होते. गल्लीच्या आतल्या अंगाला त्याचं वर्कशॉप, खाली प्रेस, वर तो. डिलिव्हरी घ्यायला सुदाम स्वतः गेला तेव्हा टेकचंदने पुढ्यात दोन खोके ठेवले होते. "ये तीन सौ बारा आपका ऑर्डर. और ये तीन सौ बारा, सेम टू सेम." सुदामने विचारलं, "हे कशाला? मागितले कुणी?" टेकचंदला प्रश्नच कळला नाही. "साईं, डुप्लिकेट. कैंप दो में कोई चीज अकेली नहीं बनती. फ्री है, ले जाओ." आता यात सुदामची चूक म्हटली तर एवढीच की त्याने ते नेले. पण एकदा नेल्यावर त्यांचं काय करायचं याला कार्यालयीन उत्तरच नव्हतं. बिल नाही म्हणजे आवक नाही, आवक नाही म्हणजे साठा नोंदवहीत नोंद नाही, आणि नोंद नसलेली वस्तू परतही करता येत नाही, मोडीतही काढता येत नाही. ती वस्तूच नसते. म्हणून त्याने ती नसलेली वस्तू गोदरेजच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. मंगळवारी त्याने कपाट उघडलं. कुलूप जागच्या जागी होतं, खोकं जागच्या जागी होतं, आतले बिल्ले दहा-दहाच्या गड्डीत दोऱ्यात ओवलेले होते. एकशे एक्केचाळीस ते एकशे पन्नासच्या दोऱ्यात नऊच होते. दोऱ्याची गाठ सुटलेली नव्हती.

कपाट बंद करून तो टेबलाशी परतला आणि समोरची फाइल त्याने ओढली. बदल्यांची फाइल होती, चार दिवस तिच्यावर टिपण लिहायचं राहिलं होतं. टिपण लिहिलेलं होतं. त्याच्याच अक्षरात, पण त्याच्या चांगल्या अक्षरात, जे पहिल्या दोन ओळींतच असायचं आणि मग घसरायचं; इथे ते पानभर घसरलं नव्हतं. पलीकडच्या टेबलावरून उमा टायपिस्टने मान वर केली. "भाऊसाहेब, केवढं सुरेख टिपण. एक शब्द खोडलेला नाही. टाइप करताना मला मीच कुणीतरी मोठी वाटायला लागले."

"हे मी कधी लिहिलं?"

"मग काय मी लिहिलं? सकाळी आल्या आल्या तुम्हीच ठेवलंत की माझ्यापुढे." तिने त्याच्याकडे जरा बघितलं. "घसा बसला का तुमचा? सकाळी बरा होता आवाज."

पुढचे दिवस सुदाम पहारा करत राहिला. लवकर आला तर बिल्ला आधी, उशिरा आला तर बिल्ला आधी. एके दिवशी तो सात वाजता, झाडू मारणाऱ्या गंगूच्याही आधी आला, तर फळ्यावर तीनशे अकरा खिळे रिकामे आणि एकावर एकशे सत्तेचाळीस. त्याने बसल्या जागेवरून उठायचंच नाही असं करून पाहिलं. साडेदहापासून साडेपाचपर्यंत तो खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून बसला, लघवीलाही गेला नाही. त्या दिवशी विशेष काहीच घडलं नाही. कामही काही झालं नाही. संध्याकाळी तो उठून दारापर्यंत गेला आणि विसरलेल्या डब्यासाठी वळला, तर तेवढ्यात टेबलावरची फाइल उघडी होती आणि कुणी लिहिता लिहिता उठावं तसं पेनचं टोपण काढून बाजूला ठेवलेलं होतं. कुणी दिसत नव्हतं, हेच सगळ्यात वाईट. दिसलं असतं तर निदान नमस्कार करून विचारता आलं असतं, आपण कोणाकडे आलात. जे होतं ते नेहमी आत्ताच उठून गेलेलं असायचं, अर्धा कप चहा मागे ठेवून. चहा बिनसाखरेचा असायचा. सुदामलाही डॉक्टरांनी बिनसाखरेचा सांगितला होता, पण त्याला तो जमला नव्हता. म्हणजे जे जे त्याला सांगितलं गेलं होतं आणि जमलं नव्हतं, ते सगळं या आत असलेल्याला जमत होतं. तो फाइल तुंबवत नव्हता, कुणाच्या विनोदाला खोटं हसत नव्हता, दौलतरावांसमोर बसताना खुर्चीच्या कडेवर बसत नव्हता. आणि तो घरी जात नव्हता. संध्याकाळी तीनशे अकरा माणसं आपापला बिल्ला काढून निघून जायची आणि तो राहायचा. अंबरनाथला घरी मच्छरदाणीत पडल्या पडल्या सुदामला पितळ दिसायचं, मोठ्या काळोख्या इमारतीत भिंतीवर एकटंच, आणि वाटायचं की त्याला हे कुठून तरी माहीत आहे, सात वर्षांचा असल्यापासून माहीत आहे, की आत राहिलेला माणूस आत काय करतो.

शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटल्यावर तो सायकल मारत कॅम्प दोनला गेला. बाजारात पापड, छत्र्या, जीन्स, परदेशी नावांची घड्याळं, सगळं एकासारखं एक मांडलेलं. त्याला पहिल्यांदाच त्या ढिगांकडे बघून कसंतरी झालं. टेकचंद जेवत होता. सुदामने खिशातला बिल्ला त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, "ये असली है या डुप्लिकेट?"

टेकचंदने बिल्ला उलटापालटा केला, दाताखाली धरला, परत ठेवला. "भाऊ, मेरे को अठाईस साल हो गया धंदे में. ये सवाल इधर कोई पूछता नहीं."

"मी विचारतोय ना."

"तो सुनो. पहले एक सैंपल बनाया था. याद है? आपने ही कागज पे नंबर लिख के दिया, एक सौ सैंतालीस, बोले मेरा ही डाल दो. सेठ ने पास किया. फिर उसके ऊपर से दोनों सेट निकला." त्याने कढीचा भुरका मारला. "असली बोलो तो वो सैंपल था."

"कुठाय तो?"

"गला दिया," टेकचंद म्हणाला. "पीतल है, कायको फेंकने का. इसी में गया होगा, नहीं तो उसमें." सुदाम तिथून उठेना, तेव्हा त्याने जरा सहानुभूतीने विचारलं, "क्यों, कुछ फरक पड़ रहा है क्या? किसी ने कंप्लेंट किया?"

कुणीही तक्रार केली नव्हती, तीच तर अडचण होती. सोमवारी सुदाम फाटकातून आला तो सरळ फळ्याकडे. फळ्याखाली स्टुलावर बबन शिपाई बसायचा, खरवईचाच, आबांच्या घरापासून चार घरं सोडून राहणारा. सुदामने हात वर केला तसा तो म्हणाला, "भाऊसाहेब, कलम नऊ."

"अरे माझाच नंबर आहे."

"तुमचा तुमच्या खिशात हाय. मंग ह्यो दुसऱ्याचा झाला का नाय?" बबन हे भांडण म्हणून सांगत नव्हता, त्याला नियम पाठ झाले होते, इतकंच, आणि पाठ झालेलं वापरायला मिळालं की तो खूश व्हायचा. "आनि तुमी आतच हाय ना. मी सकालीच तुमाला चा दिला."

सुदामने तरी बिल्ला धरला. जानेवारीतली सकाळ होती, आपला बिल्ला खिशातसुद्धा गार पडला होता. हा मात्र तापलेल्या कपाळासारखा लागला. ओढला तर येईना. खिळ्यात अडकला होता असं नाही, अडकलेल्या वस्तूची ओढ वेगळी असते. हे पलीकडून कुणीतरी, जोर न करता, नुसतं सोडत नव्हतं. तेवढ्यात ऑफिसातून खोकला ऐकू आला. दोन छोटे आणि एक लांब. लहानपणापासून आबांच्या कपड्यांच्या वासाने त्याला लागलेला, अख्ख्या अंबरनाथमध्ये दुसऱ्या कुणाचा नसलेला, त्याचा स्वतःचा खोकला. सुदामने हात काढून घेतला. "बघा," बबन म्हणाला, "तुमाला बरं नाय. आत जाऊन बसा जरा."

मंगळवारी दौलतरावांनी बोलावलं. त्यांच्यापुढे दोन कागद होते: एक नव्या आकृतिबंधाचं परिपत्रक, एका पदावर एकच माणूस, जास्तीचे ते अतिरिक्त, आणि दुसरं बबनने फळा पाहून भरलेलं हजेरीपत्रक. दौलतरावांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "शेजवळ, फळ्याप्रमाणे एकशे सत्तेचाळीस आठवडाभर सलग आत आहे. रविवारीसुद्धा. अभिमान वाटावा असं काम आहे. आता मला एक सांगा, रोज साडेदहाला सायकलवरून येतो तो कोण?"

"साहेब, तो मी."

"बिल्ला?"

सुदामने खिशातून काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे खिशात. म्हणजे फळ्यावर नाही. कलम पाच वाचलंय का तुम्ही?"

"मीच लिहिलंय."

"फार छान लिहिलंय. 'मग तो कुठेही दिसो'. मी घरी वाचून दाखवलं सगळ्यांना." दौलतरावांनी बिल्ला बोटाने हळूच त्याच्याकडे परत सरकवला. "हे बघा, कुणी तुम्हाला काढत नाहीये. तुम्ही फक्त अतिरिक्त. वरच्या खोलीत बसायचं. शासन कुठेतरी सामावून घेईल. यादीचं टिपण तुम्ही करणार होतात, ते सकाळीच आलंय माझ्याकडे, सही तेवढी ओळखून घ्या." टिपणाखाली सही सुदामची होती, आणि टिपणात, अतिशय समतोल भाषेत, एकशे सत्तेचाळीस क्रमांकाच्या पदावरील दोन व्यक्तींपैकी बाहेर असणारी व्यक्ती अतिरिक्त ठरवावी असं लिहिलेलं होतं. अंमल बुधवारपासून. सुदामने ते दोनदा वाचलं. त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. त्याने स्वतः लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं, फक्त एवढं चांगलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "परवा गुरुवारी माझे वडील येतायत. मला खुर्चीवर बघायला. एका दिवसासाठी, नुसतं अकरा ते बारा..."

"येऊ देत ना. उत्तम." दौलतराव खरोखरच्या आनंदाने म्हणाले. "एकशे सत्तेचाळीस आहेत की आत."

वरची खोली म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची प्राणिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा. काचेच्या बरण्यांत पिवळ्या पाण्यात बेडूक, सरडे, एक पंख पसरलेलं वटवाघूळ. तिथे हस्तकलेच्या बनूबाई सहा वर्षं अतिरिक्त होत्या. त्यांनी लोकरीचं विणकाम खाली न ठेवता त्याला जागा करून दिली. "पहिले काही दिवस खालचं सगळं ऐकू येतं," त्या म्हणाल्या, "घंटा, टाइपरायटर. मग नाही येत." काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, हस्तकलेचा विषय बंद कधी झाला. बनूबाईंनी टाके मोजून पूर्ण केले. "बंद कुठे झालाय. तास चालतो की खाली, बुधवार-शुक्रवार. माझी मुलगी आली होती एकदा मला भेटायला. खाली वर्गातच भेटून गेली. घरी आल्यावर म्हणाली, आई, तू शाळेत किती छान बोलतेस." त्यांनी लोकर ओढली. "मी काही बोलले नाही. खूश होती ती."

बुधवारी रात्रभर नव्हे, बुधवारी जेवताना एकदाच सुदामला वाटलं की बकुळाला सांगावं, आबांना म्हणावं येऊ नका. पण काय कारण सांगणार होता. खुर्ची आहे, तिला हात आहेत, तिच्यावर आपण आहोत. फक्त आपण नाही आहोत. बकुळा विचारत होती, उद्या कुठला शर्ट घालणार, निळ्या रेघांचा घाला, आबांनीच कापड घेऊन दिलं होतं. त्याने निळ्या रेघांचा घातला. गुरुवारी दहा वाजल्यापासून तो प्रयोगशाळेच्या खिडकीत वटवाघळाशेजारी उभा राहिला, आणि अकराला दहा कमी असताना फाटकातून आबा आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, काळ्या वहाणा उन्हात चमकत होत्या. ते फळ्यापाशी थांबले. तीनशे बारा खिळ्यांच्या त्या फळ्याकडे त्यांनी मान मागे टाकून पाहिलं, बराच वेळ. वर सुदामला वाटलं म्हातारा आता आल्या पावली मागे फिरणार, आणि फिरला तर बरं. पण बबन उठून काहीतरी म्हणाला, बोटाने ऑफिसकडे दाखवलं, आबांनी एकदा सदरा खाली ओढून नीट केला आणि ते आत गेले.

सुदाम जिना उतरला. अतिरिक्त माणसाने खाली जाऊ नये असं कुठलंच कलम नव्हतं. त्याने ते लिहायचं राहून गेलं होतं. ऑफिसचं दार उघडं होतं. आबा टेबलाच्या पलीकडे, दाराकडे तोंड करून, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते आणि हसत होते. आबांचे वरचे दोन दात सोन्याच्या रंगाचे आहेत हे सुदामला माहीत होतं, पण ते कधी दिसले होते हे आठवेना. त्यांच्यासमोर, दाराकडे पाठ करून, हातांच्या खुर्चीवर निळ्या रेघांचा शर्ट होता. सुदामला आधी त्याच्या डोक्याचा मागचा भाग दिसला आणि तिथे रुपयाएवढं टक्कल होतं. आपल्याला मागून टक्कल पडलंय हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. उमा टाइप करत होती. तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि पुन्हा ओळ जिथे सोडली होती तिथून सुरू केली. खुर्चीतला आबांना काहीतरी सांगत होता, बदल्यांबद्दल असावं, अवघड गोष्ट सोपी करून, मध्येच थांबून, आबांना विचारून, तुमच्या कारखान्यात कसं होतं. आणि आबा सांगत होते. टाकीबद्दल सांगत होते, पहिल्या पाळीच्या थंडीबद्दल सांगत होते, सुदामने एकोणीस वर्षांत, बेचाळीस वर्षांत, कधी न विचारलेलं सगळं सांगत होते. सांगता सांगता त्यांनी हात पुढे केला आणि खुर्चीच्या लाकडी हातावरून फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. नव्या चष्म्यातून, सुईत दोरा ओवणाऱ्या डोळ्यांनी, त्यांनी सुदामकडे सरळ पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. त्याला आबा म्हणायचं होतं आणि पुढे काय म्हणायचं ते त्याने जिन्यावर ठरवलंही होतं.

"भाऊ," आबा म्हणाले, "जरा पानी आनतो का? उन्हातनं आलोय."

खुर्चीतला वळला नाही. "दोन आण," तो म्हणाला. सुदामने तो स्वर ओळखला. गेली एकोणीस वर्षं शिपायांशी बोलताना तो आपला स्वर कसा लागतो हे त्याला पहिल्यांदा बाहेरून ऐकू येत होतं; वाईट नव्हता, उगीच चढा नव्हता, फक्त माणसाकडे न बघता लावलेला होता.

व्हरांड्यात माठ होता. त्याने दोन ग्लास विसळले, भरले, ट्रेमध्ये ठेवले, ट्रेच्या कडेवरचं पाणी बाहीने पुसलं. हे सगळं हात आपोआप करत होते, आणि त्याच वेळी त्याला दिसत होतं की अजूनही वेळ गेलेली नाही. आत जाऊन ट्रे ठेवायचा आणि म्हणायचं, आबा, हा मी. शर्ट तोच आहे. खोकला तोच आहे, वाटल्यास खोकून दाखवता येईल. आबा दोघांकडे आळीपाळीने बघतील. ते फार हुशार नव्हते पण खरं-खोटं त्यांना कळायचं. ते कदाचित ओळखतीलही. आणि मग त्यांना कळेल की आपला मुलगा कुठला. खिशात बिल्ला असलेला, की फळ्यावर बिल्ला असलेला. तिसरा नव्हता. तिसरा, हात असलेल्या खुर्चीवर बिल्ल्याशिवाय बसलेला, फक्त आत्ता त्या खोलीत, म्हाताऱ्याच्या चष्म्यात होता.

त्याने ट्रे आणून टेबलावर ठेवला. आबांनी ग्लास उचलला, उंचावरून पाणी घशात सोडलं, एका दमात संपवलं, मिशी पुसली. दुसरा ग्लास तसाच राहिला. आबांनी त्याच्याकडे नीट बघितलं, पाणी पाजलेल्या माणसाकडे बघावं तसं, आपुलकीने.

"कुनाचा रं तू?"

टाइपरायटर थांबला. खुर्चीतलाही थांबला, मागून दिसणाऱ्या टकलाजवळची एक शीर हळूच उडत होती, आणि सुदामला एकदम, अगदी स्पष्ट कळलं की त्यालाही भीती वाटतेय.

"इथलाच आहे, आबा," सुदाम म्हणाला.

म्हाताऱ्या माणसाला कुणीही आबा म्हणतं, त्यामुळे आबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी रिकामा ग्लास ट्रेमध्ये ठेवला, "बरं," म्हणाले, आणि पुन्हा आपल्या मुलाकडे वळले.